स्पॅनिशकडे जाताना मराठी बरोबर असू द्या

स्पॅनिश शिकायला लागल्यावर पहिलं वर्ष-दीड वर्ष झपाट्याने जातं. स्वर पाचच, आणि तेही आपल्या कानाला ओळखीचे. लिहिलं असेल तसं वाचायचं. त, द, प, क हे उच्चार मराठी जिभेला आयते येतात. इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला त्यांच्यासाठी बरेच कष्ट घ्यावे लागतात. अकरावी-बारावीतली मुलं बघता बघता स्वतःची ओळख करून देऊ लागतात, घरच्या माणसांबद्दल सांगतात, सुट्टीत काय केलं त्याचं वर्णन करतात. मग बी-2 ही पातळी येते. सुबखुंतिबो नावाचं प्रकरण उघडतं, दोन भूतकाळ एकमेकांत गुंततात, 'से' हे चिमुकलं सर्वनाम दर वाक्यात निराळंच काम करताना दिसतं, आणि कालपर्यंत भरभर बोलणारी मुलगी तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात कोष्टकं म्हणू लागते. पुष्कळ मुलं इथेच स्पॅनिश सोडतात. हे पुस्तक त्या मुलांसाठी आहे.

या टप्प्यावर ती का अडतात याचं माझं उत्तर वर्गात शिकवता शिकवता पक्कं होत गेलं. आपल्याकडे स्पॅनिश इंग्रजीतून शिकवलं जातं. पाठ्यपुस्तकांतली स्पष्टीकरणं इंग्रजीत, शब्दांचे अर्थ इंग्रजीत, शिक्षकाचं बोलणंही निम्मं इंग्रजीत. सुरुवातीला त्याने काही बिघडत नाही. पण वरच्या पातळीवरच्या ज्या रचना आहेत, त्यांतल्या बऱ्याच इंग्रजीत मुळी नाहीतच किंवा पुसट झाल्या आहेत. त्या समजावताना इंग्रजी पुस्तकं अपवादांच्या याद्या देतात, आणि मराठी मूल ती यादी पाठ करत बसतं. वास्तविक तीच रचना ते सकाळपासून आईशी बोलताना वापरत आलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. (या प्रस्तावनेत स्पॅनिश वाक्यं देवनागरीत देतो आहे, धड्यांमध्ये ती अर्थातच त्यांच्या लिपीत येतील.) 'से मे कायो एल बासो'. इंग्रजीत पेला कुणीतरी पाडावा लागतो. कर्ता मी, क्रिया माझी. म्हणून या वाक्याला इंग्रजी व्याकरणपुस्तकं 'अनपेक्षित घटनेचा से' असं खास नाव देऊन स्वतंत्र धडा करतात. मराठी मुलाला मी एवढंच सांगतो: 'माझ्या हातून पेला पडला.' पेला पडला, आणि तो माझ्या बाबतीत पडला. 'से मे ओल्बिदो' म्हणजे मला विसर पडला. 'से नोस इसो तार्दे' म्हणजे आम्हाला उशीर झाला. कर्तेपण अंगावर न घेता घडलेलं सांगायची ही पद्धत दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने घडवली आहे. एवढं ध्यानात आलं की मूल तासाभरात स्वतःची वाक्यं करू लागतं.

एका भाषेचं व्याकरण दुसऱ्या भाषेच्या साच्यात घालू नये, हा आग्रह स्पॅनिशच्याच परंपरेत फार मोठ्या माणसाने धरलेला आहे. आन्द्रेस बेल्यो 1781 साली काराकासला जन्मला. तरुणपणी त्याने सिमोन बोलिवारला काही काळ शिकवलं. 1810 मध्ये त्याच्याबरोबर लंडनला गेला आणि 1829 पर्यंत तिथेच राहिला. पुढे चिलेमध्ये स्थायिक होऊन तो चिले विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला. 1847 मध्ये त्याने अमेरिका खंडातल्या स्पॅनिशभाषकांसाठी म्हणून मुद्दाम एक व्याकरण लिहिलं. नेब्रिहाचं पहिलं कास्तिलियन व्याकरण 1492 सालचं. तेव्हापासून स्पॅनिशला लॅटिनच्या कसोटीवर घासायची सवय लागली होती. बेल्योने ती मोडली. स्पॅनिश क्रियापद काय करतं ते स्पॅनिश वाक्यांतच शोधायचं, लॅटिनमध्ये अमुक विभक्ती आहे म्हणून इथे ती मानायची नाही, असं त्याने ठरवलं. त्याला दुसरीही चिंता होती. साम्राज्य कोसळल्यावर लॅटिनचे जसे तुकडे झाले तसे नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत स्पॅनिशचे होऊ नयेत, म्हणून सर्वांना धरून ठेवील असं व्याकरण त्याला हवं होतं. त्याच्याआधी अकरा वर्षं, 1836 मध्ये, दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण प्रसिद्ध झालं होतं. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचं कारण नाही. पण दोघेही आपल्या बोलत्या भाषेला नियम शोधून देत होते, आणि या पुस्तकाने त्या दोघांकडून घेतलं आहे.

बेल्योकडून घेतलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे काळांची नावं. ज्या भूतकाळाला सर्वसाधारण पुस्तकं 'अपूर्ण' म्हणतात त्याला बेल्यो 'कोप्रेतेरितो' म्हणतो, म्हणजे दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या सोबतीने चाललेला. मेक्सिकोतल्या शाळांत हे नाव आजही चालतं. नावातच काम सांगितलेलं आहे: गोष्ट पुढे नेणारी क्रिया वेगळी, आणि तिच्यामागे चालू असलेली क्रिया वेगळी. आपल्याकडे 'आजी रोज गोष्ट सांगायची' आणि 'त्या दिवशी आजीने गोष्ट सांगितली' हा फरक पाच वर्षांचं मूलही चुकत नाही. अधिक बारीक फरकही मराठीत तयार आहेत. 'साबीआ' म्हणजे मला माहीत होतं. 'सूपे' म्हणजे मला कळलं. 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होतो. 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. 'नो पूदे' म्हणजे जमलं नाही. एकच क्रियापद काळ बदलला की अर्थ बदलतं, असं इंग्रजी पुस्तकात वाचून मुलं घाबरतात. मराठीत आपण त्या जागी दोन निरनिराळ्या शब्दयोजना करतो, म्हणजे भेद आपल्या मनात आधीच आहे. तो फक्त क्रियापदाच्या शेपटाला जोडायचा आहे.

इथे एक धोका आहे आणि तो मराठीचाच आहे. 'तो आजारी होता' या वाक्यात मराठी काहीच ठरवत नाही. तो तेव्हा आजारी होता म्हणून आला नाही, की तो आठवडाभर आजारी होता आणि मग बरा झाला? स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'एस्ताबा' आणि दुसऱ्याला 'एस्तुबो' म्हणावं लागतं. आपलं 'होता' दोन्ही पोटात घेतं, म्हणून मराठी विद्यार्थी हमखास एकाच रूपाला चिकटतो. तिसऱ्या आणि चौथ्या धड्यातले बहुतेक स्वाध्याय एकट्या 'होता'साठी ठेवले आहेत, आणि ते कंटाळवाणे वाटले तरी सोडू नयेत.

आता सुबखुंतिबो. या पुस्तकाची जवळजवळ अर्धी पानं त्याने घेतली आहेत आणि मला ती कमीच वाटतात. शाळेत आपण क्रियापदाचे अर्थ शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षेपुरते पाठ करून सोडून दिलेले हे चार शब्द आता उपयोगी पडतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला क्रियापदाला काळाखेरीज 'अर्थ'ही असतो, म्हणजे बोलणारा घडलेलं सांगतो आहे की घडावं असं म्हणतो आहे हे क्रियापदच दाखवतं, ही कल्पना नव्याने द्यावी लागत नाही. सुबखुंतिबो हा तसाच एक अर्थ आहे. 'किएरो के बेंगास': तू यावंस असं मला वाटतं. 'ओखाला युएबा': पाऊस पडो. हे 'ओखाला' अरबीतून आलं आहे, देवाची इच्छा असेल तर या अर्थाच्या शब्दांतून. इबेरियात अरबी शतकानुशतकं बोलली जात होती तेव्हाची ती खूण. त्याच्यामागे स्वार्थाचं रूप कधी येतच नाही, जसं 'देव करो'नंतर 'पाऊस पडतो' येत नाही.

याहून सुंदर एक जागा आहे. 'बुस्को उन प्रोफेसोर के आब्ले मराठी' आणि 'बुस्को आ उन प्रोफेसोर के आब्ला मराठी'. पहिल्या वाक्यात मराठी बोलणारा कुणीही शिक्षक चालेल, असा कुणी आहे की नाही हेही ठाऊक नाही. दुसऱ्यात तो ठरावीक माणूस आहे, मला माहीत आहे, फक्त आत्ता सापडत नाही. क्रियापदाचा अर्थ बदलला आणि त्याच वेळी नामाआधी 'आ' आला. आता मराठी बघा. 'मी मराठी बोलणारे शिक्षक शोधतोय.' 'मी मराठी बोलणाऱ्या एका शिक्षकांना शोधतोय.' दुसऱ्या वाक्यात 'ना' आलं आणि माणूस ठरावीक झाला. व्यक्तिवाचक 'आ' हा इंग्रजीतून शिकणाऱ्यांचा कायमचा त्रास आहे. आपल्याकडे 'मी झाड पाहिलं' आणि 'मी राजूला पाहिलं' यांत तो रोज सुटतो. दोन भाषा हजारो मैलांवर, एकमेकींचा स्पर्श नाही, आणि दोघींना जिवंत आणि ठरावीक कर्माला प्रत्ययाने किंवा अव्ययाने वेगळं दाखवावंसं वाटलं, याचा मला अजूनही आनंद होतो.

संकेतार्थात तर दोन्ही भाषा पाऊल पाऊल बरोबर चालतात. 'सि लो उबिएरा साबिदो, नो उबिएरा बेनिदो.' मला माहीत असतं तर मी आलो नसतो. मराठीत दोन्ही उपवाक्यांत 'असता'चंच रूप येतं, आणि स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे 'उबिएरा' चालतं. दुसऱ्या भागात 'आब्रीआ' घ्या असं पुस्तकं शिकवतात, तेही बरोबर. पण पहिली रीत चुकीची म्हणून लाल शाईने खोडली गेलेली उत्तरपत्रिका मी पाहिली आहे, आणि ते योग्य नव्हतं.

मात्र मराठीवर आंधळा भरवसा टाकायचा नाही. 'मे आलेग्रो दे के एस्तेस आकी' म्हणजे तू इथे आहेस याचा मला आनंद आहे. तू समोर उभा आहेस, शंका कसलीच नाही, मराठी सरळ 'आहेस' म्हणते. स्पॅनिश तरीही सुबखुंतिबो घेते, कारण वाक्य ती बातमी देत नाही. बातमी दोघांना ठाऊक आहे आणि बोलणारा तिच्यावर आपली भावना सांगतो आहे. 'तो येईल असं वाटत नाही' इथेही आपला भविष्यकाळ स्पॅनिशमध्ये चालत नाही. आणि 'तू येशील तेव्हा जेवू' हे वाक्य डोक्यात असेल तर विद्यार्थी 'क्वान्दो'पुढे भविष्यकाळ टाकणारच. त्याऐवजी 'तू आलास की जेवू' हे वाक्य मनात धरावं. न घडलेल्या गोष्टीसाठी मराठी तिथे भविष्यकाळ टाळते. स्पॅनिशही टाळते आणि 'क्वान्दो बेंगास' म्हणते. निवडलेलं रूप निराळं, पण भविष्य टाळायचं हे बोटावर धरून ठेवता येतं.

'सेर' आणि 'एस्तार' यांच्यासाठी मराठीकडे मदत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. 'आहे' आणि 'असतो' यांच्याशी त्यांची जोडी लावायचा मोह होतो, लावू नये. कायमचं ते 'सेर' आणि तात्पुरतं ते 'एस्तार' हा वर्गावर्गांत सांगितला जाणारा नियमही टाकून द्यावा. मेलेल्या माणसाला स्पॅनिशमध्ये 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, आणि त्याहून कायमचं काय असणार? घर कुठे आहे ते 'एस्तार'ने सांगतात, पण घरातलं लग्न कुठे आहे ते 'सेर'ने. हे धडे मी नियमांऐवजी प्रसंगांनी बांधले आहेत.

उपपदं मराठीत नाहीत, तेव्हा तिथेही कष्ट आहेत. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. आघाताबद्दल लिहितो, कारण तो दुर्लक्षित राहतो आणि संभाषण त्यानेच बिघडतं. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. 'आब्लो' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर 'मी बोलतो'. शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो बोलला'. देवनागरीत ही दोन रूपं सारखीच दिसतात, आणि मराठी विद्यार्थ्याच्या तोंडूनही सारखीच येतात. सगळी कोष्टकं बरोबर पाठ असलेल्या मुलाचं बोलणं समोरच्याला समजत नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. तोंडी स्वाध्यायांत जोराच्या अक्षराखाली रेघ दिली आहे. ती पाहून मोठ्याने म्हणा.

व्याकरण आणि संभाषण असे दोन भाग मी या पुस्तकात केले नाहीत. वरच्या पातळीवर ते वेगळे राहत नाहीत. स्पॅनिशच्या देले या परीक्षेत शाळकरी मुलांसाठी वेगळी प्रश्नपत्रिका आहे, पण ती ए-2 आणि बी-1 पर्यंतच. बी-2 ला सतरा वर्षांची मुलगी आणि चाळीस वर्षांचा नोकरदार एकाच परीक्षेला बसतात. तोंडी परीक्षेत एक छायाचित्र समोर ठेवतात आणि त्यातल्या माणसांमध्ये काय चाललं असेल याची कल्पना करायला सांगतात. इथे मुलं गप्प होतात, कारण 'मला वाटतं' याच्या पुढे त्यांच्याकडे काही नसतं. खरं तर स्पॅनिशमध्ये अंदाज सांगायला साधा भविष्यकाळ पुरतो. 'सेरान लास ओचो' म्हणजे आठ वाजले असतील. 'एस्तारा एन्फेर्मो' म्हणजे आजारी असेल. आपलं 'असेल' दिवसातून किती वेळा येतं ते मोजून बघा! दोघं भाऊ असतील, भांडले असतील, धाकट्याला घरी जायचं असेल: मराठी मूल असं सहज मिनिटभर बोलू शकतं, आणि तेच स्पॅनिशमध्ये नेता येतं. त्याच परीक्षेत पुढे पाहणीतले आकडे देऊन मत विचारतात. मत मांडायची सवय लागणं हा भाषेआधीचा प्रश्न आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आपल्याकडे घरी किंवा वर्गात मत फारसं कुणी विचारत नाही. म्हणून प्रत्येक धड्याच्या शेवटी एक वादाचा विषय आहे, आणि त्यावर आधी मराठीत भांडून घ्यायला माझी पूर्ण परवानगी आहे.

बोलण्याच्या रीतीतही मराठीची साथ आहे. माद्रिदच्या उपाहारगृहात इंग्रजीवरून बेतलेलं 'मला एक कॉफी मिळू शकेल का' परकं वाटतं. तिथे 'मे पोने उन काफे' म्हणतात, म्हणजे आपलं 'एक कॉफी द्या', आणि त्यात उद्धटपणा नाही. कोलंबियात तीच मागणी 'मे रेगाला'ने करतात, शब्दशः भेट द्या म्हणून, आणि तिथे 'तिन्तो' मागितली तर काळी कॉफी येते. स्पेनमध्ये लाल वाइन येईल. एखाद्याने उशिरा येण्याचं कारण सांगायला सुरुवात केली की 'एस के' हे दोन शब्द आधी येतात; आपलं 'त्याचं काय झालं' तेच काम करतं. या छोट्या शब्दांनी बोलणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो आणि ऐकणाऱ्याला तो आपल्यातला वाटतो. ते पाठांतून वगळणारी पुस्तकं मुलांना भाषणं करायला शिकवतात.

आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो' म्हणणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना 'तू' आणि 'उस्तेद' यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. देशागणिक ते बदलतं मात्र. बोगोताला जिवलग मित्रही एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात. अर्जेंटिना आणि उरुग्वायमध्ये 'तू'च्या जागी 'बोस' येतं आणि क्रियापदाची रूपंही त्याच्यासाठी निराळी होतात. 'बोसोत्रोस', म्हणजे अनेकवचनी 'तुम्ही', मुख्यतः स्पेनमध्ये ऐकू येईल. वीस देशांची आणि पोर्तो रिकोची ही राजभाषा, सुमारे 50 कोटी लोकांची मातृभाषा. कुठलं स्पॅनिश शिकवायचं, असा प्रश्न मला सतत विचारला जातो. या पुस्तकातलं बोलण्याचं मुख्य वळण मेक्सिको आणि कोलंबिया यांच्या बाजूचं आहे, कारण तिथले उच्चार मराठी कानाला लवकर उकलतात. 'बोसोत्रोस'ची रूपं सर्व कोष्टकांत आहेत. 'बोस'ला अकरावा धडा पूर्ण दिला आहे. अर्जेंटिनाच्या लेखकांची पात्रं याच रूपांत बोलतात, आणि आज ना उद्या तुम्हाला ती वाचायची आहेत. ऐकण्यासाठी 'रादिओ आम्बुलान्ते' हा कार्यक्रम मी मुलांना सुचवतो. लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या माणसांच्या गोष्टी त्यात त्यांच्याच तोंडून येतात, दर वेळी निराळ्या देशाच्या उच्चारांत. पहिल्या ऐकण्यात निम्मं निसटेल. तीनदा ऐका, मग संहिता वाचा, उलट क्रमाने नको.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कितीतरी पिढ्या परकीय भाषा शिकल्या; दिल्लीत इन्स्तितुतो सेर्बान्तेस 2009 पासून आहे. पण सांगली, अकोला किंवा मडगावच्या मुलाला स्पॅनिश बोलणारं माणूस आजूबाजूला सापडणं कठीण, हे धरूनच तोंडी स्वाध्याय रचले आहेत. ते दोघांनी करायचे आहेत. दुसऱ्याला स्पॅनिश येत नसेल तरी चालेल: त्याचे प्रश्न मराठीत छापले आहेत, आणि उत्तरं स्पॅनिशमध्ये तुम्ही द्यायची आहेत. धडे क्रमानेच घ्यायला हवेत असं नाही. दोन भूतकाळ पक्के असतील तर पाचव्या धड्यापासून, म्हणजे सुबखुंतिबोपासून, सुरुवात करावी. ते पक्के आहेत का हे तपासणारी दहा वाक्यं या प्रस्तावनेनंतरच्या पानावर आहेत.